वरची पट्टी कशी लपवायची, आणि कुठे नाही लपवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बसून छोटी ॲप्स बनवतो. जिनिंगच्या काट्यासाठी, कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीसाठी, एकदा झाडीपट्टीतल्या नाटकमंडळीसाठी. संध्याकाळी पॉलिटेक्निकची चार-पाच पोरं शिकायला येतात आणि दर आठवड्याला त्यातलं कोणी ना कोणी विचारतंच, "सर, ते वरची पट्टी कशी घालवाची?" एकदाचं सगळं लिहून ठेवतो. कोडमधली नावं फोनवर सांगतो तशीच देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार-पाच अक्षरं टाकली की पुढचं तो स्वतःच सुचवतो.

वरची पट्टी म्हणजे नेमकी कोणती?

स्टेटस बार. घड्याळ, टॉवरच्या काड्या, बॅटरी आणि आलेल्या नोटिफिकेशनची बारीक चिन्हं जिथे दिसतात ती. खालची बॅक-होमची पट्टी वेगळी, तिला नेव्हिगेशन बार म्हणतात. दोघींना मिळून सिस्टीम बार्स.

ही पट्टी तुमच्या ॲपची नसते, हे आधी डोक्यात बसवा. ती फोनची सिस्टीम काढते. तुमचं ॲप फक्त विनंती करतं, "जरा बाजूला हो." वावर आपलं असलं तरी धुरा (शेताचा बांध) आपल्या एकट्याचा नसतो, तसंच हे. म्हणूनच पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच निघेल: आपण धुरा नांगरायला गेलो.

उंची म्हणाल तर अँड्रॉइडवर साधारण २४ डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं माप), पण वर कॅमेऱ्याची खाच असलेल्या फोनवर त्याहून जास्त. होम बटण असलेल्या आयफोनवर २० पॉइंट, आणि २०१७ च्या आयफोन टेनवर ४४. त्यामुळे कोडमध्ये २४ चा आकडा ठोकून बसू नका. फोनलाच विचारा.

लपवल्यानं ॲप भारी दिसतं. मग सगळीकडेच का लपवू नये?

मी लपवली होती. जिनिंगच्या काट्याचं ॲप होतं: गाडी आली की भरलेलं वजन टाकायचं, कापूस गंजीवर खाली झाला की रिकामं वजन टाकायचं, वजाबाकी ॲप करतं, पावती निघते. मला वाटलं पूर्ण स्क्रीन हिरवा, मोठे आकडे, वर काही लुडबुड नाही, मस्त दिसेल. दिसलंही मस्त.

दिवाळीनंतरचे दिवस, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग. काट्यावरचे काका सकाळपासून फोन हातातच धरून होते. एका ट्रॉलीचं भरलेलं वजन टाकलं, ५५ क्विंटल ६० किलो. ट्रॉली गंजीकडे गेली, कापूस खाली झाला, रिकामी परत काट्यावर आली आणि फोन बंद. बॅटरी संपली होती. ती संपत आली आहे हे काकांना दिसायला जागाच मी ठेवली नव्हती. चार्जर लावून फोन चालू केला तर अर्धी नोंद गेलेली, कारण मी ती रिकामं वजन आल्यावरच साठवत होतो. कापूस गंजीत मिसळला, आता भरलेलं वजन पुन्हा घेणार कुठून? काका मला फोनवर म्हणाले, "अरे बापा, चार्जिंग किती हाये ते दिसूनच नाही राह्यलं ना! मले का सपन पडते?"

वाचलो ते ट्रॅक्टरवाल्यामुळे. त्यानं काट्यावरचा आकडा सवयीनं तळहातावर पेननं लिहून ठेवला होता. घामानं अर्धा पुसला होता, पण वाचता आला.

त्या रात्री दोन गोष्टी केल्या. प्रत्येक आकडा टाकताक्षणी फोनमध्ये साठवायला लावला, आणि पट्टी परत आणली.

आपल्याकडे दुपारी लाइन जाते, गाव बदललं की टॉवर जातो, आणि बऱ्याच जणांच्या मनगटावर घड्याळ नसतं. ती २४ डीपीची पट्टी म्हणजे कास्तकाराचं घड्याळ, मीटर आणि टॉवर तिन्ही. काढून घ्यायची तर बदल्यात काही देता का, हे आधी बघा.

मग लपवायची कुठे?

जिथे माणसाचे दोन्ही डोळे एकाच गोष्टीवर असतात आणि थोड्या वेळानं तो तिथून बाहेर येणार असतो. व्हिडिओ, पूर्ण स्क्रीन फोटो, गेम, सही घेण्याचा स्क्रीन.

सगळ्यात चपखल उदाहरण नाटकाच्या ॲपचं. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं आणि प्रॉम्प्टर अंधारात बसून संहिता पुरवतो. त्याला मोठी अक्षरं, काळी पार्श्वभूमी एवढंच हवं. वर पांढरं घड्याळ आणि नोटिफिकेशनची चिन्हं चमकत राहिली की नजर ओळीवरून उडते, आणि प्रॉम्प्टरची ओळ चुकली की रंगमंचावरचा राजा मुका होतो. तिथे मी पट्टी बिनधास्त लपवली. पण संहिता निवडायच्या यादीत ती आहे. स्क्रीनपुरती लपवा, स्क्रीन सुटला की परत आणा.

अँड्रॉइडमध्ये आजची योग्य पद्धत कोणती?

विंडोइन्सेट्सकंट्रोलर. ते अँड्रॉइड ११ मध्ये, म्हणजे २०२० ला आलं. जुन्या फोनवरही चालावं म्हणून अँड्रॉइडएक्सच्या कोअर लायब्ररीतलं 'विंडोइन्सेट्सकंट्रोलरकॉम्पॅट' वापरा.

तीन ओळींचं काम आहे. विंडोकॉम्पॅटच्या 'गेटइन्सेट्सकंट्रोलर' ला विंडो आणि डेकोरव्ह्यू देऊन कंट्रोलर मिळवायचा. त्याची 'सिस्टीमबार्सबिहेव्हियर' ही किंमत (व्हॅल्यू) 'शो ट्रान्झियंट बार्स बाय स्वाइप' अशी ठेवायची, म्हणजे वरून बोट ओढलं की पट्टी क्षणभर येते आणि आपोआप जाते. मग 'हाइड' ला 'टाइप डॉट स्टेटसबार्स' द्यायचं. परत आणायला त्याच कंट्रोलरवर 'शो'.

'सिस्टीमबार्स' दिलं तर खालची पट्टीही जाते. पोरं घाईत तेच देतात आणि मग गिऱ्हाईक विचारतं, मागे कसं जायचं. वरची लपवायची असेल तर वरचीच लपवा.

जेटपॅक कंपोझमध्ये (कोडनंच स्क्रीन मांडायची अँड्रॉइडची नवी पद्धत) हे 'डिस्पोझेबलइफेक्ट' मध्ये टाका. आत शिरताना हाइड, 'ऑनडिस्पोझ' मध्ये शो. स्क्रीनपुरतं लपवण्याचं काम त्यानं आपोआप होतं.

इंटरनेटवर 'सेटसिस्टीमयूआयव्हिजिबिलिटी' असं काहीतरी सापडलं. तेही चालतंय. वापरू का?

चालतं, पण ती जुनी पायवाट आहे. अँड्रॉइड ४.० पर्यंत विंडोला 'फ्लॅग फुलस्क्रीन' लावायचे. ४.१ पासून सेटसिस्टीमयूआयव्हिजिबिलिटीनं पट्टी लपवता येऊ लागली. २०१३ च्या ४.४ मध्ये त्यात 'इमर्सिव्ह' आणि 'इमर्सिव्ह स्टिकी' ची भर पडली. अँड्रॉइड ११ ला ही सगळी पद्धत कालबाह्य ठरवली. अडचण अशी की शोधलं की सगळ्यात वर हीच उत्तरं येतात. माणूस यातलं थोडं, त्यातलं थोडं उचलतो आणि एकाच ॲपमध्ये तीन पिढ्यांचा कोड नांदतो. मग एका फोनवर पट्टी जाते, दुसऱ्यावर जात नाही, तिसऱ्यावर जाते पण जागा रिकामीच राहते. एकच पद्धत धरा, नवी धरा, बाकीच्या ओळी पुसा.

ॲप उघडताना पट्टी क्षणभर दिसते आणि मग जाते. झटका बसल्यासारखं वाटतं.

तुमचा कोड चालेपर्यंत विंडो काढूनही झालेली असते. पहिल्याच स्क्रीनवर लपवायची असेल तर थीममध्ये 'विंडोफुलस्क्रीन' ट्रू करा. थीम कोडच्या आधी वाचली जाते.

पट्टी गेली, पण तिच्या जागी काळा पट्टा आला!

कॅमेऱ्याच्या खाचेमुळे. अँड्रॉइड ९ ते १४ वर नियम असा की ॲपनं वेगळं सांगितलं नाही, तर पूर्ण स्क्रीनमध्ये खाचेच्या भागात काही काढायचं नाही, तो काळा ठेवायचा. 'लेआउटइनडिस्प्लेकटआउटमोड' ची किंमत 'शॉर्ट एजेस' करा, काळा पट्टा जाईल. मात्र मग मजकूर कॅमेऱ्याखाली जाणार नाही याची काळजी तुमची. माझ्या एका विद्यार्थ्याच्या ॲपमध्ये गावाचं नाव होतं 'वरोरा', आणि फोनवर दिसायचं 'व रा'. मधला 'रो' कॅमेऱ्यानं गिळला होता.

अँड्रॉइड १५ वर माझ्या ॲपचा मजकूर आपोआप पट्टीखाली गेला. मी तर काहीच बदललं नाही.

टार्गेट बदललं असेल, म्हणजे ॲप कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलं हे सांगणारा आकडा. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, म्हणजे एपीआय ३५ (अँड्रॉइड १५ चाच आतला नंबर) टार्गेट करणारं ॲप असेल तर, मजकूर स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतोच. त्याला एज-टू-एज म्हणतात. १५ मध्ये थीममधून सूट घेता येत होती. अँड्रॉइड १६ ला टार्गेट केलं की तीही नाही. आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर किमान एपीआय ३५ टार्गेट करावंच लागतं, तेव्हा हे टाळून चालणार नाही.

याचा एक फायदाही आहे. आता पुष्कळदा पट्टी लपवायची गरजच उरत नाही. तुमचा रंग, तुमचा फोटो पट्टीच्या मागून वरपर्यंत जातो, आणि घड्याळ-बॅटरी त्यावर तरंगत राहतात. गिऱ्हाईक "पट्टी काढा" म्हणतो तेव्हा दहातल्या सात वेळा त्याला तो वेगळ्या रंगाचा पट्टा खुपत असतो, घड्याळ नाही. आधी त्याला हे करून दाखवा.

फक्त बटणं आणि शीर्षक इन्सेट्सइतकं, म्हणजे पट्टी व्यापते तेवढ्या जागेइतकं, खाली सरकवा. पट्टी लपवताना-दाखवताना मजकूर वर-खाली उडी मारत असेल तर 'गेटइन्सेट्सइग्नोरिंगव्हिजिबिलिटी' वापरा. पट्टी लपलेली असली तरी ते तिची उंची सांगतं, म्हणजे जागा तेवढीच राहते.

चिन्हांच्या रंगाचं काय?

'इजअपिअरन्सलाइटस्टेटसबार्स' ट्रू केलं की चिन्हं काळी होतात. नाव वाचून उलटं वाटतं. लाइट म्हणजे पट्टी उजळ, म्हणून चिन्हं गडद. मीही दर वेळी आधी चुकीचंच टाकतो. अँड्रॉइड १५ टार्गेट केल्यावर 'स्टेटसबारकलर' चा काही परिणाम होत नाही, त्यामुळे रंग आपल्याच पार्श्वभूमीनं द्यायचा.

पट्टी लपवल्यापासून कीबोर्ड उघडला की खालचा रकाना झाकला जातो.

जुना फुलस्क्रीन फ्लॅग लावला असणार. तो असताना कीबोर्डसाठी स्क्रीन आखडणाऱ्या 'ॲडजस्टरिसाइझ' ला सिस्टीम विचारत नाही. फ्लॅग काढा, कंट्रोलर वापरा, आणि 'आयएमई' च्या (म्हणजे कीबोर्डच्या) इन्सेट्सइतकी जागा खाली सोडा. त्याहून सोपं: जिथे माणूस टाइप करतो तिथे पट्टी लपवूच नका. सातबाऱ्याचा गट नंबर टाकताना कोणाला पूर्ण स्क्रीन हवा असतो?

डायलॉग उघडला की पट्टी परत येते. का?

डायलॉग ही वेगळी विंडो आहे. तिला तुमच्या विनंतीबद्दल काही माहीत नसतं. डायलॉगच्या विंडोलाही कंट्रोलर घेऊन हाइड करा, आणि 'ऑनविंडोफोकसचेंज्ड' मध्ये फोकस परत आल्यावर पुन्हा एकदा हाइड. दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आल्यावरही हेच औषध.

वरून बोट ओढलं की पट्टी येतेच. ती कायमची बंद करता येते का? शाळेच्या टॅबवर पोरं ओढून वायफाय बंद करतात.

साध्या ॲपला नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कोणतंही ॲप माणसाला कोंडून ठेवेल.

फोन किंवा टॅब संस्थेचा असेल तर मार्ग आहे. सोपा मार्ग स्क्रीन पिनिंग, म्हणजे एकच ॲप स्क्रीनवर टाचून ठेवणं. हे २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे. पण पोरं एका तासात ते सोडवायला शिकतात. पक्का मार्ग लॉक टास्क मोड. त्यासाठी टॅब फॅक्टरी रीसेट करून तुमच्या ॲपला 'डिव्हाइस ओनर' करावं लागतं, क्यूआर कोडनं किंवा केबल लावून एडीबी या कॉम्प्युटरवरच्या टूलनं. लॉक टास्कमध्ये वरचा पडदा ओढता येत नाही. मात्र पट्टीवरची माहितीही जाते. अँड्रॉइड ९ पासून 'सेटलॉकटास्कफीचर्स' मध्ये 'सिस्टीम इन्फो' दिलं तर बॅटरी आणि नेटवर्क दिसतं, आणि पडदा तरीही उघडत नाही. काट्यावरच्या फोनवर मी आता हेच लावलं आहे. काकांना बॅटरी दिसते आणि त्यांच्या नातवाला यूट्यूब उघडता येत नाही. नातू माझ्याशी बोलत नाही.

लपवलीच, तर बॅटरी ॲपमध्ये दाखवता येईल?

हो. 'ॲक्शन बॅटरी चेंज्ड' हा स्टिकी ब्रॉडकास्ट (सिस्टीम जपून ठेवते ती शेवटची सूचना) वाचा. 'लेव्हल' भागिले 'स्केल' गुणिले शंभर. परवानगी लागत नाही. मी १५ टक्क्यांखाली आकडा लाल करून मोठा दाखवतो. मे महिन्याच्या उन्हात बारीक चिन्ह तसंही दिसत नाही, लाल आकडा सावलीत धरला की दिसतो.

आयफोनवर कसं?

आपल्या भागात गिऱ्हाईक कमी, म्हणून थोडक्यात. आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक व्ह्यू कंट्रोलर आपापलं सांगतो: 'प्रिफर्सस्टेटसबारहिडन' मधून ट्रू परत करा. किंमत बदलली की 'सेटनीड्सस्टेटसबारअपिअरन्सअपडेट' बोलवा, नाहीतर काहीच होत नाही आणि तासभर आपण डोकं खाजवत बसतो. स्वतःचा कंटेनर असेल तर 'चाइल्डफॉरस्टेटसबारहिडन' द्या. सुरुवातीचा लाँच स्क्रीन सांभाळायला इन्फो पीलिस्टमध्ये 'यूआयस्टेटसबारहिडन'. स्विफ्टयूआयमध्ये नुसतं 'स्टेटसबारहिडन' हा मॉडिफायर. फोन आडवा धरला की आयफोन आयओएस ८ पासून पट्टी आपणहून लपवतो, तो बग नाही. आणि खाचेच्या आयफोनवर पट्टी लपवली तरी वरचा सेफ एरिया तेवढाच राहतो. जागा वाढेल या आशेनं लपवत असाल तर सोडून द्या.

फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह, कॉर्डोव्हा अशा, एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप्स बनवायच्या साधनांमध्ये?

फ्लटरमध्ये 'सिस्टीमक्रोम डॉट सेटएनेबल्डसिस्टीमयूआयमोड'. दोन्ही पट्ट्या लपवायला 'इमर्सिव्हस्टिकी'. फक्त वरची लपवायला 'मॅन्युअल' आणि ओव्हरलेजच्या यादीत फक्त 'बॉटम'. 'डिस्पोझ' मध्ये परत आणायला विसरू नका. मॅन्युअलमध्ये कीबोर्ड येऊन गेल्यावर पट्टी परत दिसू लागली तर 'रिस्टोअरसिस्टीमयूआयओव्हरलेज' बोलवा.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये 'स्टेटसबार' कंपोनंटला 'हिडन'. दोन ठिकाणी कंपोनंट असतील तर शेवटी चढलेल्याचं चालतं, तो उतरला की आधीचं लागू होतं.

कॉर्डोव्हा आणि कपॅसिटर दोन्हीकडे स्टेटसबार प्लगइन आणि 'हाइड'.

ॲप नाही, वेबसाइटच होम स्क्रीनवर टाकली आहे. तिथे?

मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये 'डिस्प्ले' ची किंमत 'फुलस्क्रीन'. 'स्टँडअलोन' ठेवली तर ब्राउझरची पट्टी जाते, फोनची राहते. आयफोन 'फुलस्क्रीन' मानत नाही, तो स्टँडअलोनवरच येतो. जावास्क्रिप्टचं 'रिक्वेस्टफुलस्क्रीन' वापरायचं तर माणसानं बटण दाबलं पाहिजे, पान उघडताच आपोआप होत नाही.

पट्टी लपवली की फोन, मेसेज येणं बंद होतं का?

नाही. फक्त चिन्हं दिसत नाहीत. कॉल आला की वरून पट्टा उतरतोच. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला हेच झालं. ऐन विलापाच्या प्रवेशात प्रॉम्प्टरच्या स्क्रीनवर सासऱ्यांचा कॉल. आवाज बंद होता, पण दोन ओळी झाकल्या गेल्या. तेव्हापासून प्रयोगाआधी 'डू नॉट डिस्टर्ब', किंवा सरळ विमान मोड.

बॅटरी वाचते का?

नाही म्हटलं तरी चालेल. फक्त ओएलईडी स्क्रीनवर दिवसरात्र एकच चित्र राहिलं तर त्याचा डाग पडू शकतो. चोवीस तास चालू ठेवायच्या फलकासाठी लपवणं त्या कारणानं ठीक.

पट्टी लपवणारं ॲप धोक्याचं असतं का?

असतंच असं नाही. पण पूर्ण स्क्रीन घेतला की बँकेचा किंवा लॉकचा खोटा स्क्रीन काढणं सोपं होतं. व्हॉट्सॲपवर सरकारी योजनेच्या नावानं आलेली एपीके फाइल टाकली आणि उघडताच वरचं घड्याळ गायब झालं, तर पिन टाकू नका. वरून बोट ओढून बघा, होम दाबून बाहेर पडा, फाइल काढून टाका. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो. पट्टी लपलेली असली तरी त्याच्याकडे लक्ष ठेवा.

माझ्या जुन्या फोनवर सगळ्याच ॲपमधून पट्टी गेली आहे.

कोणीतरी एडीबीनं 'पॉलिसी कंट्रोल' ची सेटिंग लावली असेल. ती अँड्रॉइड १० पर्यंत चालायची, ११ पासून बंद झाली. ज्यानं लावली त्यालाच काढायला सांगा, बहुधा तो घरातलाच असतो.

तपासायचं कोणत्या फोनवर?

निदान तीन: एक खाच नसलेला जुना, एक मधोमध कॅमेऱ्याचा, एक अँड्रॉइड १५ किंवा पुढचा. माझ्या टेबलाच्या खणात फुटक्या काचेचा एक जुना फोन आहे, पानठेलेवाल्याकडून ३०० रुपयांना घेतलेला. नवीन काही केलं की आधी त्याच्यावर टाकतो, मग तो फोन खिशात ठेवून काट्यावर जातो आणि काकांच्या हातात देतो. ते काही न बोलता आधी वरचा उजवा कोपरा बघतात.